सी++ ऑब्जेक्टचं आयुष्य कंपायलर पासने मोजतोय, जन्म-मृत्यूचा हिशोब जुळत नाही

बाइटमोजणी (प्रश्न)

एका मोठ्या सी++ प्रोग्रॅममध्ये कुठल्या क्लासचे ऑब्जेक्ट किती काळ जगतात ते मोजायचं आहे. लीक शोधायची नाहीये, त्यासाठी सॅनिटायझर (चालू प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका पकडणारी साधनं) आहेतच. कुठले ऑब्जेक्ट काही मायक्रोसेकंदांत मरतात (म्हणजे अरीनात, एकत्र घेऊन एकदम सोडायच्या मेमरीच्या तुकड्यात, टाकता येतील) आणि कुठले काम संपल्यावरही अडून बसतात, हे क्लासवार हवंय.

क्लँग १८, लिनक्स, एक्स८६-६४. एलएलव्हीएमचा (क्लँगमागच्या कंपायलर यंत्रणेचा) फंक्शन पास, म्हणजे एकेका फंक्शनवर चालणारा टप्पा, प्लगइन म्हणून लिहिला आहे. फंक्शनचं नाव डीमँगल करायचं (कंपायलरने सांकेतिक केलेलं नाव मूळ रूपात आणायचं). कन्स्ट्रक्टर निघाला तर आत शिरताच जन्माची नोंद, डिस्ट्रक्टर निघाला तर आत शिरताच मृत्यूची. एक नोंद २४ बाइटची: पत्ता ८, वेळ ८, क्लासचा क्रमांक ४, थ्रेडचा क्रमांक ४.

अडचणी अशा:

१) पास ऑप्टिमायझरच्या शेवटी लावला तर ओ-२ बिल्डमध्ये (ओ-० म्हणजे ऑप्टिमायझेशन नाही, ओ-१, ओ-२ या वाढत्या पातळ्या) बहुतेक क्लासांच्या नोंदीच येत नाहीत.
२) पाइपलाइनच्या सुरुवातीला आणून ओ-१ वर चालवला तर नोंदी येतात, पण व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर असलेल्या क्लासांत डिलीट केलेला ऑब्जेक्ट दोनदा मरतो.
३) काही क्लासांत मृत्यू जन्मांपेक्षा जास्त, तर काहींत उलट.
४) ओ-० बिल्डमध्ये एकही नोंद नाही.
५) स्टॅकवरच्या साध्या स्ट्रक्टसाठी लाइफटाइम मार्कर (जागेचा वापर कुठे सुरू आणि कुठे बंद हे सांगणाऱ्या कंपायलरच्या खुणा) वापरून पाहिले, पण त्यांचा शेवट सोर्समधल्या कंसाशी जुळत नाही.

हे आयआरवर (कंपायलरच्या मधल्या रूपावर) करणंच चुकीचं आहे का? एएसटीवर (सोर्सच्या व्याकरणवृक्षावर) जावं का?

---

उलटा_स्टॅक

आधी एक गोष्ट वेगळी करा, म्हणजे निम्मे प्रश्न सुटतील. 'आयुष्य' या एका शब्दात तुम्ही दोन गोष्टी मोजताय: जागेचं आयुष्य आणि त्या जागेत राहणाऱ्या ऑब्जेक्टचं आयुष्य. जागा मॅलॉकपासून फ्रीपर्यंत असते, किंवा स्टॅक फ्रेम असेपर्यंत. ऑब्जेक्ट मात्र इनिशियलायझेशन पूर्ण झाल्यावर जन्मतो, आणि डिस्ट्रक्टरची कॉल सुरू होते त्या क्षणी भाषेच्या नियमाने संपतो. एकाच जागेत एकामागून एक शंभर ऑब्जेक्ट राहून जाऊ शकतात. व्हेक्टरमध्ये घालणं-काढणं चालू असतं तेव्हा हेच होतं. आयआरला जागा कळते, ऑब्जेक्ट फक्त कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरच्या नावांतून अंदाजाने कळतो. एलएलव्हीएम १५ पासून पॉइंटर अपारदर्शक झाल्यावर तर टाइपचा तो थोडासा सुगावाही गेला.

आता तुमचे मुद्दे, पण माझ्या क्रमाने.

ओ-० चं कारण अगदी क्षुल्लक आहे. ओ-० वर क्लँग प्रत्येक फंक्शनला ऑप्टनन हा अॅट्रिब्यूट लावतो आणि पास मॅनेजर अशा फंक्शनांवर ऐच्छिक फंक्शन पास चालवतच नाही. पासच्या क्लासमध्ये 'इझ रिक्वायर्ड' हे स्टॅटिक फंक्शन ट्रू परत करणारं लिहा, नाहीतर मॉड्यूल पास करा. हुकचं (नोंद करणाऱ्या फंक्शनचं) डिक्लरेशन तसंही मॉड्यूलमध्येच घालावं लागतं, तेव्हा मॉड्यूल पासच बरा.

शेवटी लावलेल्या पासला काही दिसत नाही, कारण तोवर कन्स्ट्रक्टर इनलाइन होऊन (कॉलच्या जागीच उतरून) विरघळलेले असतात. उरलेल्या फंक्शनच्या तोंडाशी हुक लावून उपयोग नाही. सुरुवातीचीच जागा बरोबर आहे.

दोनदा मरणं: इटॅनियम एबीआयमध्ये (लिनक्सवर क्लँग पाळतो त्या बायनरी पातळीच्या नियमांत) एका डिस्ट्रक्टरची तीन रूपं असतात. डी० हा डिलीट करणारा, डी१ पूर्ण ऑब्जेक्टचा, डी२ बेस भागाचा. डी० आतून डी१ ला बोलावतो, डी१ सहसा डी२ ला. डीमँगलर तिघांनाही एकच नाव देतो, म्हणून तुम्ही एकाच मरणाचा दाखला दोन-दोन वेळा काढताय. हुक फक्त डी२ वर लावा.

कन्स्ट्रक्टरमध्ये (सी१ पूर्ण ऑब्जेक्टचा, सी२ बेस भागाचा) मात्र 'फक्त सी२' हा नियम फसतो. व्हर्च्युअल बेस (अनेक वाटांनी वारसा आला तरी एकच प्रत ठेवणारा बेस) नसेल तर सी१ हा सी२ ला बोलावतो, किंवा ओ-१ पासून वर दोघे एकच होऊन जातात. व्हर्च्युअल बेस असेल तर सी१ ला स्वतःचं पूर्ण शरीर असतं आणि तो सी२ कडे जात नाही. म्हणून नियम असा ठेवा: सी२ वर नेहमी हुक, आणि सी१ वर तेव्हाच जेव्हा त्याच्या आत स्वतःच्याच सी२ ची कॉल नाही. पाइपलाइनच्या सुरुवातीला हे तपासणं सोपं आहे. बेसकडून वारशाने घेतलेल्या कन्स्ट्रक्टरांची मँगल्ड नावं सीआय१, सीआय२ अशी असतात, ती विसरू नका. नावात नुसतं अक्षर शोधणारा कोड तिथे हमखास चुकतो.

आणि जन्माची नोंद आत शिरताना करू नका, बाहेर पडताना करा, प्रत्येक रिटर्नच्या आधी. कन्स्ट्रक्टरने एक्सेप्शन फेकली तर तो ऑब्जेक्ट जन्मलाच नाही आणि त्याचा डिस्ट्रक्टर कधीच चालणार नाही. तुमच्या 'जन्म जास्त' पैकी काही इथून येतात. एक्सेप्शनची वाट रिटर्नमधून जात नाही, रिझ्यूममधून जाते, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. अपवाद डेलिगेटिंग कन्स्ट्रक्टरचा: ज्याच्याकडे काम सोपवलं तो आतला कन्स्ट्रक्टर पूर्ण झाला की पुढे बाहेरच्याने एक्सेप्शन फेकली तरी डिस्ट्रक्टर चालतो. म्हणजे जन्म आतल्याच्या शेवटी धरायचा, आणि बाहेरच्यावर हुक नको, नाहीतर जन्म दोन.

आता 'मृत्यू जास्त'. इथे पास सुधारून भागत नाही. क्लासला हाताने लिहिलेला डिस्ट्रक्टर आहे पण कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिलेला नाही आणि सगळे मेंबर साधे आहेत, तर कॉपी कन्स्ट्रक्टर ट्रिव्हियल (नुसते बाइट उतरवणारा) ठरतो. क्लँग तिथे फंक्शनच बनवत नाही, सरळ मेमकॉपी टाकतो. तसंच, स्ट्रिंग मेंबर असलेला अॅग्रीगेट (स्वतःचा कन्स्ट्रक्टर न लिहिलेला) स्ट्रक्ट महिरपी कंसात भरला तर स्ट्रक्टचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर चालत नाही. डिस्ट्रक्टर मात्र नॉन-ट्रिव्हियल असल्यामुळे चालतो. दोन्हीकडे जन्म मुका आणि मृत्यू बोलका. पहिल्या प्रकारचे क्लास एएसटी मॅचरने (एएसटीत ठरलेला नमुना शोधणाऱ्या साधनाने) वेगळे काढा: डिस्ट्रक्टर नॉन-ट्रिव्हियल, पण कॉपी किंवा मूव्ह ट्रिव्हियल. यादी हातात आली की आयुष्य मोजायच्या आधी ती नीट वाचा. रूल ऑफ थ्री (डिस्ट्रक्टर लिहिला तर कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंटही लिहावेत) मोडलेले क्लास याच यादीत लपलेले असतात.

---

फायनोड

वरच्याशी बहुतांशी सहमत. दोन गोष्टी वाढवतो आणि एकावर वाद घालतो.

डिराइव्ह्ड ऑब्जेक्ट जन्मला की बेसच्या सी२ वरही हुक असल्यामुळे त्याच पत्त्यावर बेसचाही जन्म नोंदला जातो. पहिला मेंबर क्लास टाइपचा असेल तर तोही त्याच पत्त्यावर. म्हणजे पत्ता ही ओळख होऊ शकत नाही. किमान पत्ता आणि क्लास अशी जोडी हवी. उपऑब्जेक्ट वेगळे काढायला आकार लागतो, आणि तो आयआरमध्ये एका कोपऱ्यात मिळतो: क्लँग 'धिस' पॅरामीटरवर डीरेफरन्सेबल (इथून इतके बाइट नक्की वाचता येतात असं सांगणारा) अॅट्रिब्यूट टाकतो. पण ती संख्या किमान आकाराची आहे. व्हीटेबल पॉइंटर आणि एक इंट असलेल्या क्लासला तिथे १२ दिसेल, साइझऑफ मात्र १६ सांगेल, कारण शेवटचं पॅडिंग त्यात धरलेलं नाही. घेर (ऑब्जेक्टने व्यापलेले पत्ते) तपासायला १२ पुरतात, बाइटचा हिशोब करायला नाही.

मग नियम सोपा आहे. जन्म आतून बाहेर होतात: आधी बेस, मग मेंबर, शेवटी पूर्ण ऑब्जेक्ट. मृत्यू बाहेरून आत. त्याच थ्रेडवर मोठ्या घेराचा जन्म आला की त्या घेरातले नुकतेच जन्मलेले लहान ऑब्जेक्ट हे त्याचे अवयव समजा आणि स्वतंत्र ऑब्जेक्टच्या यादीतून काढा.

आता वाद. हे सगळं नंतर जुळवत बसण्यापेक्षा हुक कॉल करणाऱ्याच्या बाजूला, क्लँगच्या कोडजेनमध्ये (एएसटीपासून आयआर बनवणाऱ्या भागात) लावणं मला पटतं. एएसटीतल्या कन्स्ट्रक्ट एक्स्प्रेशनवर प्रकार लिहिलेलाच असतो: पूर्ण ऑब्जेक्ट, साधा बेस, व्हर्च्युअल बेस की डेलिगेटिंग. अंदाज करावा लागत नाही. टाइप, आकार, सोर्सची ओळ सगळं हाताशी, आणि मेमकॉपी होणारी ट्रिव्हियल कॉपीही तिथे एक्स्प्रेशन म्हणून दिसते. किंमत एवढीच की क्लँग स्वतः बिल्ड करून दर आवृत्तीला पॅच सांभाळावा लागतो. प्लगइनमधून एएसटी बदलायच्या फंदात मात्र पडू नका. ते झाड एकदा बांधलं की न बदलण्यासाठी बनवलेलं आहे.

लाइफटाइम मार्करबद्दल: ते सोर्समधला स्कोप सांगायला नाहीतच. स्टॅकवरची एकच जागा दोन व्हेरिएबलना आळीपाळीने देता यावी म्हणून बॅकएंडला दिलेली ती सूचना आहे. स्टॅक कलरिंगचा पास ती वाचतो. त्यामुळे:

- ओ-० वर ते सहसा टाकलेच जात नाहीत.
- व्हेरिएबल रजिस्टरमध्ये गेलं की अलोका (स्टॅकवर जागा घेणारी आयआरची सूचना) जातो, आणि त्याचे मार्करही.
- गोटू किंवा स्विचचा केस एखाद्या व्हेरिएबलच्या डिक्लरेशनवरून उडी मारत असेल तर क्लँग त्या व्हेरिएबलला मुद्दाम मार्कर देत नाही.
- कोरूटीनमध्ये (मध्येच थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या फंक्शनमध्ये) लोकल व्हेरिएबल नंतर हीपवरच्या फ्रेममध्ये हलतात. कंपायलरने कोरूटीनचे तुकडे करण्याआधी पाहिलं तर स्टॅक दिसतो, नंतर पाहिलं तर फ्रेममधला ऑफसेट.

कंसापर्यंतचं आयुष्य हवं असेल तर क्लँगचा सोर्स पातळीवरचा सीएफजी (फंक्शनमधल्या वाटांचा आलेख) घ्या. तो बांधताना पर्याय चालू केले की अप्रत्यक्ष डिस्ट्रक्टर, टेम्पररीचे डिस्ट्रक्टर आणि 'इथे आयुष्य संपलं' असे वेगळे घटक ब्लॉकमध्ये येतात. डीबग चेकर लावून सीएफजी छापून पाहा. मधूनच रिटर्न किंवा ब्रेक असलेल्या फंक्शनमध्ये कुठल्या वाटेवर कोण मरतो ते ओळीनं दिसतं.

---

बाइटमोजणी

डी२ आणि रिटर्नवरचा हुक लावून पाहिला, दोनदा मरणं थांबलं. मुक्या जन्मांची यादीही निघाली. तरी तीन गोष्टी उरल्यात. स्टँडर्ड स्ट्रिंगचे आकडे अजून जुळत नाहीत. प्रोग्रॅम बंद होताना हुकमध्येच क्रॅश होतो. आणि लॉग फाइल आवरत नाही: सेकंदाला १ कोटी नोंदी धरल्या तर २४० एमबी, म्हणजे चार मिनिटांत ५७ जीबीच्या वर.

---

उलटा_स्टॅक

स्ट्रिंग: लिबस्टडीसी++ (जीसीसीची स्टँडर्ड लायब्ररी) मध्ये कॅरेक्टर स्ट्रिंगचं टेम्पलेट लायब्ररीतच इन्स्टँशिएट केलेलं आहे आणि हेडरमध्ये एक्स्टर्न म्हणून जाहीर केलेलं आहे. त्यामुळे कुठलं फंक्शन तुमच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये उतरेल आणि कुठलं आधीच कंपाइल झालेल्या लायब्ररीतून येईल ते ऑप्टिमायझेशनवर ठरतं. लायब्ररीतल्यावर तुमचा हुक नाही. एसटीडी नेमस्पेस गाळून टाका, किंवा फायनोड म्हणतात तसा कॉलच्या बाजूने हुक लावा.

याच जातीचा आणखी एक सापळा आहे, आणि तो जास्त वाईट, कारण गुपचूप चावतो. हेडरमधल्या इनलाइन कन्स्ट्रक्टरची प्रत प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये असते आणि लिंकर त्यातली एकच ठेवतो. एक जरी फाइल प्लगइनशिवाय कंपाइल झाली आणि नेमकी तिची प्रत टिकली, तर त्या क्लासचे जन्म संपूर्ण प्रोग्रॅममधून गायब. लिंकचा क्रम बदलला की परत येतात. सगळं बिल्ड एकदा पुसून, सगळ्या फाइलांना तोच फ्लॅग देऊनच आकड्यांवर विश्वास ठेवा.

बंद होतानाचा क्रॅश: तुमचा लॉग बफर हा बहुधा ग्लोबल किंवा थ्रेड-लोकल ऑब्जेक्ट आहे आणि त्याला डिस्ट्रक्टर आहे. तो आधी मरतो, बाकीचे ग्लोबल नंतर मरतात, आणि त्यांच्या मरणाची नोंद मेलेल्या बफरमध्ये जाते. आयुष्य मोजणाऱ्या हत्याराने आयुष्याचीच चूक करायची, हे नेहमीचंच! बफर असा ठेवा की तो कधीच नष्ट होणार नाही: एममॅप केलेली (मेमरीत जोडलेली) फाइल आणि थ्रेड-लोकलमध्ये फक्त साधा पॉइंटर. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी तोवरच्या नोंदी फाइलमध्ये राहतात. रनटाइमची फाइल प्लगइनशिवाय कंपाइल करा, आणि हुकच्या आत न्यू वापरू नका, नाहीतर हुक स्वतःलाच बोलावत बसेल.

---

फायनोड

लॉगबद्दल: नोंदी बाहेर लिहूच नका. आयुष्याची लांबी दोनच्या घातांत मोडा, ४० खाने पुरतात. खान्याला ८ बाइट म्हणजे क्लासमागे ३२० बाइट. पाच हजार क्लास असले तरी १.६ एमबी. मेमरीत ठेवायचा तो फक्त सध्या जिवंत असलेल्यांचा तक्ता.

तोही जड होत असेल तर नमुना घ्या, पण पत्त्याच्या हॅशवरून नको. अॅलोकेटर तेच तेच पत्ते पुन्हा देतो, स्टॅकवर तर एकच पत्ता लाखो वेळा येतो, त्यामुळे नमुना झुकतो. जन्मांचा काउंटर ठेवा, समजा दर हजारावा जन्म तक्त्यात घाला. मृत्यूच्या वेळी तक्त्यात सापडला नाही तर तो निवडलेलाच नव्हता. फक्त लक्षात असू द्या की त्याच पत्त्यावर त्याच क्लासचा नवा जन्म आला आणि जुना अजून तक्त्यात असेल, तर जुन्याचा मृत्यू तुमच्या नजरेतून सुटला आहे. तो मोजा. हा आकडा शून्याच्या जवळ नसेल तर कुठेतरी हुक कमी पडतोय. माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त तपास आहे.

वेळ घड्याळात मोजू नका, निदान फक्त घड्याळात नको. गार्बेज कलेक्शनवाले आयुष्य 'त्या काळात किती बाइट घेतले गेले' यात मोजतात. एकाच थ्रेडच्या प्रोग्रॅमला तेच इनपुट दिलं तर तेच उत्तर येतं, आणि अरीनाचा आकार ठरवायला हेच माप थेट कामाला येतं.

शेवटी जिवंत राहिलेल्यांना टाकून देऊ नका. त्यांचं आयुष्य 'किमान इतकं' म्हणून वेगळ्या खान्यात ठेवा. नाहीतर सगळ्यात दीर्घायुषी तेच गळतात आणि सरासरी खोटी लहान दिसते. अबॉर्ट, क्विक एक्झिटने बाहेर पडलात तर ग्लोबलचे डिस्ट्रक्टर चालतच नाहीत, तेही इथेच येतील.

आणखी एक: हुकला पत्ता दिला की तो अलोका रजिस्टरमध्ये जाऊ शकत नाही. न्यू-डिलीटची जी जोडी ऑप्टिमायझरने पुसून टाकली असती तीही तशीच राहते. म्हणजे तुम्ही ज्या प्रोग्रॅमचं आयुष्य मोजताय तो खरा ओ-२ प्रोग्रॅम नव्हे. अल्पायुषी ऑब्जेक्टची संख्या प्रत्यक्षापेक्षा फुगलेली दिसेल. अरीना लिहायला घेण्याआधी हुक नसलेल्या बिल्डच्या असेंब्लीत ती न्यूची कॉल खरंच उरली आहे का ते बघा.

---

रेडझोन

धागा आकड्यांचा आहे, पण हे वाचून कोणी डँगलिंग पॉइंटर (मेलेल्या जागेकडे किंवा ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारे) शोधायला असाच पास लिहू लागेल म्हणून थोडक्यात.

अॅड्रेस सॅनिटायझर जागेचं आयुष्य पाहतो. दर ८ बाइटमागे १ शॅडो बाइट, त्या जागेची अवस्था लिहिलेला. रिपोर्टमध्ये एफडी म्हणजे फ्री केलेली हीप, एफ८ म्हणजे स्कोप संपलेला स्टॅक, एफ५ म्हणजे फंक्शन परतल्यानंतरचा स्टॅक, एफसी म्हणजे कंटेनरची न वापरलेली क्षमता. फ्री केलेली जागा क्वारंटाइनमध्ये (लगेच परत न देता बाजूला) जाते, मूळ मर्यादा २५६ एमबी. तेवढं भरून जुना ब्लॉक बाहेर पडला आणि दुसऱ्याला मिळाला की त्यानंतरचा चुकीचा वापर दिसत नाही. खूप अॅलोकेशन करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही मर्यादा वाढवा.

डिस्ट्रक्टर चालला पण जागा अजून घेतलेलीच आहे, हे त्याला कळत नाही. प्लेसमेंट न्यू (आधीच घेतलेल्या जागेत ऑब्जेक्ट बनवणं) आणि स्वतःचे पूल वापरणाऱ्या कोडमध्ये नेमकी हीच चूक असते. त्यासाठी मेमरी सॅनिटायझरचा 'डिस्ट्रक्टरनंतरचा वापर' हा पर्याय आहे: डिस्ट्रक्टर संपला की मेंबरच्या जागा पुन्हा 'न भरलेल्या' ठरतात. पूल स्वतःचा असेल तर अॅड्रेस सॅनिटायझरच्या पॉयझन-अनपॉयझनच्या (जागा वापरायला बंद-खुली ठरवणाऱ्या) कॉल पूलमध्ये हाताने घाला, दहा-बारा ओळींचं काम आहे.

जीसीसीवर असाल तर लाइफटाइम डीएसई (डेड स्टोर एलिमिनेशन, म्हणजे निरुपयोगी लिखाण पुसणं) हा फ्लॅग ठाऊक हवा. त्याची मूळ किंमत २ आहे: कन्स्ट्रक्टर सुरू होण्याआधी त्या जागेत लिहिलेलं आणि डिस्ट्रक्टरनंतर उरलेलं, दोन्ही मेलेलं समजून पुसलं जातं. ऑपरेटर न्यूमध्ये मेमरी शून्य करून कन्स्ट्रक्टरमध्ये त्यावर विसंबणारा जुना कोड इथेच मोडतो. किंमत १ केली तर आधीचं लिखाण राखलं जातं. तुमचा हुक जर न्यूच्या वेळी ऑब्जेक्टच्याच जागेत क्रमांक लिहून ठेवणार असेल, तर तो क्रमांक असाच नाहीसा होईल. तो ऑब्जेक्टच्या बाहेर, मागच्या हेडरमध्ये ठेवा.

कंपाइल करतानाच पकडायचं असेल तर क्लँगचा लाइफटाइमबाउंड अॅट्रिब्यूट आतला व्ह्यू परत करणाऱ्या फंक्शनांवर लावा. एकाच एक्स्प्रेशनमधल्या टेम्पररीच्या चुका वॉर्निंगमध्ये येतात. जीसीसी १३ मध्ये डँगलिंग रेफरन्सची वॉर्निंग आहे, पण ती फंक्शनच्या सिग्नेचरवरून अंदाज बांधते, खोटे इशारेही देते. स्ट्रिंग बदलल्यावर तिचा जुना सी-स्ट्रिंग पॉइंटर वापरणं हे स्टॅटिक अॅनालायझरचा इनर पॉइंटर चेकर वाट धरून शोधतो. हळू चालतो, आणि लूपच्या काही फेऱ्यांनंतर वाट सोडून देतो.

---

बॉरोचेक

तुलनेसाठी: रस्टमध्ये एमआयआर (रस्ट कंपायलरचं मधलं रूप) पातळीवर स्टोरेज-लाइव्ह, स्टोरेज-डेड आणि ड्रॉप हे तिन्ही वेगळे लिहिलेले असतात. वर ज्या जागा-ऑब्जेक्ट फरकावर सगळं अडलंय तो तिथे कंपायलरच्या भाषेतच आहे. अट घालून मूव्ह केलेल्या व्हेरिएबलला ड्रॉप फ्लॅग मिळतो. म्हणजे मृत्यू कुठल्या वाटेवर होणार हे कंपाइल करताना ठरलं नाही, तर चालताना एक बूलियन पाहून ठरतं.

बाइटमोजणींना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट त्यातून उचलता येते. डिसेंबर २०१८ च्या १.३१ मध्ये आलेल्या एनएलएलपासून (नॉन-लेक्सिकल लाइफटाइम) रेफरन्सचं आयुष्य शेवटच्या वापरापर्यंत धरतात, कंसापर्यंत नाही. तुम्हाला 'उगाच अडून बसलेले' ऑब्जेक्ट हवेत, म्हणजे मृत्यूची वेळ पुरेशी नाही. शेवटच्या वापराची वेळ आणि मृत्यू यांतलं अंतर हवंय. सगळ्या लोड-स्टोरवर हुक लावणं परवडणार नाही. नमुन्यात आलेल्या ऑब्जेक्टपुरता, क्लासच्या पब्लिक मेंबर फंक्शनांच्या तोंडाशी एकच हुक लावून त्या तक्त्यात 'शेवटचा स्पर्श' ही वेळ बदलत राहा. मेंबर थेट वाचणारे स्ट्रक्ट यातून सुटतील, त्यांचं अंतर खरं आहे त्यापेक्षा मोठं दिसेल.